हिरव्या कापडाची ना-हरकत

मोहनसिंग सर कुणाच्या अध्यातमध्यात नसत, आणि आपण कुणाच्या अध्यातमध्यात नाही हे कॉलनीत सगळ्यांना सांगून झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा माणूस वाशीमच्या शिक्षक कॉलनीत बावीस वर्षं राहत होता. या बावीस वर्षांत कॉलनीतला असा एकही ऑनलाइन अर्ज नव्हता जो सरांनी भरला नाही, आणि असा एकही मृत्यू नव्हता ज्याची श्रद्धांजली त्यांनी लिहिली नाही. कॉलनीतल्या प्रत्येक मयताविषयी सरांनी चांगलंच लिहिलं होतं. त्यातल्या काहींना ते ओळखत होते, तरीसुद्धा.

सर ख्रिस्ती आहेत हे कॉलनीला ठाऊक होतं, पण एखाद्याच्या चष्म्याचा नंबर ठाऊक असावा तसं. कुणी विचारत नसे, सर सांगत नसत. त्यातही ते लुथरन आहेत हे तर कुणाच्या गावीही नव्हतं. गावात एकूण चौदा लुथरन कुटुंबं. स्टेशनच्या अंगाला टिनाच्या छताचं एक लहानसं चर्च, त्यात सतरा बाकं, आणि बाकांवर बसायला कुटुंबं चौदा. तीन बाकं पवित्र आत्म्याच्या भरवशावर रिकामी ठेवलेली.

सरांचे वडील सेवादासजी मानोऱ्याकडच्या तांड्यातले. त्यांनी मुलाकडून लुथरन प्रश्नोत्तरी तोंडपाठ करून घेतली होती. त्या प्रश्नोत्तरीत देवाच्या दहा आज्ञांतली एकेक आज्ञा आली की लगेच प्रश्न येतो, 'याचा अर्थ काय?' उत्तर चुकलं की वडिलांचा हात यायचा, त्याचा अर्थ विचारावा लागत नसे. त्यातली आठवी आज्ञा सरांच्या अंगात मुरलेली होती. खोटी साक्ष देऊ नको. याचा अर्थ काय? तर शेजाऱ्याची बदनामी करायची नाही, आणि तो जे काही करेल त्याचा होईल तितका चांगला अर्थ लावायचा. सरांनी भूगोलाच्या खालोखाल हाच विषय मन लावून केला.

माणूस स्वतःच्या सत्कर्मांनी तरत नाही, केवळ देवाच्या कृपेने तरतो, ही लुथरन शिकवणही सरांना पूर्ण मान्य होती. फक्त ती रविवारी नऊ ते साडेदहा लागू असते अशी त्यांची समजूत होती. उरलेल्या आठवड्यात कॉलनीत सत्कर्मांशिवाय भागत नव्हतं.

तर अशा या माणसाच्या आयुष्यात पाळक बादल आले.

बादल पवार सेमिनरीतून नुकतेच बाहेर पडलेले, वय एकोणतीस, बुलेट नसलेली पण बुलेटसारखा आवाज करणारी मोटरसायकल, आणि विधीच्या बाबतीत कडक. पहिल्याच महिन्यात त्यांनी पंच कमिटीसमोर वेदीकडे बोट दाखवलं. वेदीवर बारा महिने एकच पांढरं कापड असे. त्याच्यावर मागच्या एका नाताळातल्या चहाचा साधारण लोणार सरोवराच्या आकाराचा डाग होता.

"चर्चच्या मंडळीचं वर्ष रंगांनी चालतं," पाळक म्हणाले. "आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा, नाताळ आणि पुनरुत्थानाला पांढरा, पवित्र आत्म्याच्या दिवशी लाल, शुभ शुक्रवारी काळा. आणि आता त्रैक्यकाळ सुरू आहे. नोव्हेंबरपर्यंत हिरवा. वाढीचा रंग. आपल्याकडे हिरवं कापडच नाही, म्हणजे आपली अर्ध्या वर्षाची वाढच खुंटलेली आहे."

कमिटीचे सेक्रेटरी म्हणून मोहनसिंग सर उठले आणि म्हणाले, "हे काम माझ्याकडे लागलं." या वाक्यापाशी त्यांना कुणीतरी धरून खाली बसवायला हवं होतं. पण कमिटीत बाकीचे सगळे लुथरन होते. काम आपल्याकडे येत नाहीये ही त्यांनी देवाची कृपा मानली.

सर थेट भागचंद शेठच्या कापड दुकानात गेले. भागचंद शेठ सरांच्या घराला भिंत लागून राहत. मधली भिंत एकच, लग्नाच्या पत्रिका एकमेकांच्या फ्रीजवर, शेठची नात रुचा दहावीला होती तेव्हा वर्षभर सरांच्या ओसरीत नकाशे भरत बसलेली. शेठनी गादीवर हिरव्याचे चौदा प्रकार उलगडले. पोपटी, शेवाळी, मेंदी, बाटली.

"कायले पाह्यजे सर? पडदे?"

"वेदीवर घालायचंय. चर्चमध्ये."

"मंग देवाचं काम हाये. त्याले हलकं नाई चालत." शेठनी सगळ्यात भारी साटीन ओढलं. "हे घ्या. सोयाबीनच्या पानासारखं. अन् पावती-बिवती काय करता, घरचं हाये."

शेजाऱ्याकडून पावती मागणं सरांच्या आठव्या आज्ञेत बसत नव्हतं.

आता शिवणार कोण? साडेसहा फूट लांब, सरळ रेषेत, कोपरे न चुरगळता साटीन शिवणारा माणूस गावात एकच, इसाकभाई. इसाकभाईंनी माप घेतलं, मान डोलावली, आणि चार दिवसांनी कापड हातात दिलं. कापडाला चारी बाजूंनी हातभर रुंद सोनेरी झालर होती. कोपऱ्यांना गोंडे होते. आणि सगळ्या कापडाला अत्तराचा असा वास होता की सर दोन पावलं मागे सरले.

"इसाकभाई, झालर सांगितली नव्हती."

"सर, तीस साल झाले दर्ग्याच्या चादरी शिवून राह्यलो. हिरवं साटीन मशीनखाली आलं का हात आपोआप झालरीकडे जाते. मी थोडी लावली? हातानं लावली." मग जरा विचार करून म्हणाले, "उसवून देऊ?"

सरांनी पाहिलं. झालर सुंदर होती. उसवलं तर साटीनला भोकं पडली असती. पाळकांनी पाहून सांगितलं की सोनेरी रंग स्वर्गीय वैभवाचा आहे, चालेल. फक्त वास काढा. वास काढायची जबाबदारी सरांच्या पत्नी ललिताबाईंवर आली. त्यांनी कापड दोनदा धुतलं आणि शनिवारी सकाळी, ऊन पाहून, गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलं.

शिक्षक कॉलनीच्या मधोमध, दुमजली घराच्या गच्चीवर, वाऱ्यात साडेसहा फूट हिरवं साटीन, सोनेरी झालर, चार गोंडे. याचा अर्थ काय?

दहा मिनिटांत कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. रहिवासी संघाचा सचिव अनुप, प्लॉटचे व्यवहार करणारा होतकरू माणूस, त्याने लिहिलं होतं, 'सर रागावू नका पण हे काय आहे'. प्रश्नचिन्ह नव्हतं. खाली तीन हात जोडलेले.

इथे गप्प बसून कापड काढून घेतलं असतं तर गोष्ट गच्चीवरच संपली असती. पण सर शिक्षक होते. गैरसमज दूर केल्याशिवाय त्यांना अन्न जात नसे. त्यांनी ग्रुपवर मंडळीच्या वर्षाचा सविस्तर तक्ता टाकला, काळ, रंग, अर्थ, पाचही रंग, तारखांसकट.

तोवर कॉलनीला एका रंगाची काळजी होती. आता पाच रंगांची लागली.

'म्हणजे हे वर्षभर चालणार का?' एकाने विचारलं. 'लाल कोणत्या पक्षाचा सर?' दुसऱ्याने. काळ्याचं कळल्यावर निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं की निषेध नेमका कोणाचा आहे. मग सल्ले सुरू झाले. गुलाबी करा, कोणाचाच नाही. गुलाबी ब्युटी पार्लरचा वाटते. पिवळा करा. पिवळा केला तर आमच्या समाजाला वाटेल आमचा उचलला. आकाशी करा, हे लिहिणाऱ्याने दोन मिनिटांत मेसेज डिलीट केला. शेवटी एका बाईंनी लिहिलं की सर बिचारे साधे आहेत, त्यांना कुणीतरी हे करायला लावतंय. याला सर्वांत जास्त अंगठे मिळाले.

रात्री जेवताना ललिताबाई म्हणाल्या, "तुमाले सांगत होती, त्या तक्त्याची काय गरज होती?"

"त्यांना माहिती नव्हतं, म्हणून विचारलं. जिज्ञासा आहे ती."

"जिज्ञासेनं कोणी ठाण्यात निवेदन देते का?"

निवेदन खरंच गेलं होतं. 'शिक्षक कॉलनीतील शांततेचा भंग होऊ नये याबाबत'. त्यात लिहिलं होतं की बाहेरून आणलेले संशयास्पद कापड एका साध्याभोळ्या शिक्षकाच्या घरात उतरवण्यात आले आहे. खाली एकोणतीस सह्या. सरांनी सह्या वाचल्या. एकोणतीसपैकी सव्वीस जणांचे जीवन प्रमाणपत्राचे अर्ज सरांनी भरून दिले होते, म्हणजे ही माणसं जिवंत असल्याचा सरकारकडे असलेला पुरावाही सरांच्याच हातचा. भागचंद शेठची सही त्यात नव्हती. सरांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. ठाणेदार साहेब सज्जन होते. सज्जन अधिकाऱ्याकडे नियम जास्त असतात.

"हे बघा सर, माझी काही हरकत नाही. मला फक्त कागद पाहिजे. वर्षभरात कोणत्या तारखेला कोणता रंग लागणार, त्याची यादी द्या."

सरांनी दिली. साहेबांनी बोट ठेवलं. "या पुनरुत्थानाची तारीख दरवर्षी बदलते?"

"वसंतातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, साहेब. त्यावरून बाकीचे काळ ठरतात."

"अन् त्रैक्यकाळ किती आठवड्यांचा?"

"त्याच्यावरच अवलंबून. कधी बावीस, कधी सत्तावीस."

"म्हणजे हिरवं कापड किती दिवस राहणार हे चंद्रावर आहे." साहेबांनी पेन ठेवलं. "सर, चंद्र आणि हिरवा रंग, हे मी अहवालात एका ओळीत लिहिलं तर माझी बदली होईल."

शेवटी ठरलं ते असं. कापड बाहेरून आलेलं नाही, गावातल्याच दुकानातलं आहे, असं दुकानदाराचं लेखी, आणि लागून राहणाऱ्या शेजाऱ्याची ना-हरकत. तोपर्यंत वेदीवर कसलंही कापड घालायचं नाही. आणि येत्या रविवारी एक हवालदार उपासनेला बसेल, काय चालतं ते लिहून घेईल.

सर ठाण्यातून बाहेर पडले ते जवळजवळ हसत. दुकानदार भागचंद शेठ, शेजारीही भागचंद शेठ. एका सहीत दोन कामं. बावीस वर्षं कुठे तरी जमा होतातच. आपण इथले आहोत हे कागदावर यायला इतकंच लागणार होतं.

सोमवारी शेठ म्हणाले, "चातुर्मास चालू हाये, सर. आमी हिरवी भाजीबी सोडली, अन् तुमी हिरव्यावर सही मागून राह्यले."

सरांनी चांगला अर्थ लावला. माणूस व्रताचा पक्का आहे.

मंगळवारी शेठ म्हणाले की दुकान आता मुलगा संयम पाहतो, त्याला विचारावं लागेल. सरांनी अर्थ लावला, पोराला मान देणारा बाप आहे. बुधवारी संयम म्हणाला की बाबांना विचारा. बापाला मान देणारा पोरगा. गुरुवारी शेठचा चष्मा सापडत नव्हता, आणि तो त्यांच्या कपाळावर होता. इथे सरांना बराच वेळ उभं राहावं लागलं. शेवटी, वयोमानाप्रमाणे विसर पडतो, असं त्यांनी कसंबसं जुळवलं.

शुक्रवारी सरांनी दुकानात गिऱ्हाइकांसमोरच विचारलं. "शेठ, कापड तुमच्याच दुकानातलं आहे ना? एवढंच लिहायचंय."

शेठनी गल्ल्यातून मान वर केली नाही. "कोणतं कापड, सर?"

गिऱ्हाईक गेल्यावर ते हळूच म्हणाले, "रागावू नका. माझं दुकान रोडवर हाये. तुमचा देव वर हाये. त्याची काच कोन फोडते?"

याचा अर्थ काय? सरांनी रात्रभर लावून पाहिला. चांगला काही निघेना. आयुष्यात पहिल्यांदा मोहनसिंग सर आठव्या आज्ञेत नापास झाले.

रविवारी हवालदार हरीओम शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले. चौदा कुटुंबं, पंधरावं पोलीस खातं. वेदी उघडी होती. वर्षानुवर्षं कापडाखाली राहिलेलं जुनं लाकूड, त्यावर खिळ्याची दोन भोकं, सगळं दिसत होतं. महिन्याचा पहिला रविवार असल्याने प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी. चाळीस वर्षांत सरांनी प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. पत्नीच्या बाळंतपणातही आधी चर्चला जाऊन मग दवाखान्यात गेले होते, ज्याविषयी ललिताबाई अजून बोलतात.

भोजनाआधी पापकबुली. सगळी मंडळी उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली की आम्ही विचाराने, शब्दाने आणि कृतीने अपराध केले आहेत, आम्ही शिक्षेस पात्र आहोत. हरीओमचं पेन धावायला लागलं. सव्वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. एका आरोपीकडून कबुली घ्यायला आठवडे जातात, आणि इथे बायकापोरांसह अख्खं गाव न मारता बोलत होतं.

मग पाळक बादलांनी विचारलं, "तुमच्या शेजाऱ्याने तुमचा जो अपराध केला असेल, त्याची तुम्ही मनापासून क्षमा केली आहे काय?"

"होय," मंडळी म्हणाली.

मोहनसिंग सर बसले. कुणी ढकलल्यासारखे नाही, बस आल्यावर माणूस बाकावरून उठतो त्याच्या बरोबर उलटे, सावकाश. ललिताबाईंनी उभ्या उभ्याच त्यांचा शर्ट वर ओढला. त्यांनी हलायचं नाव घेतलं नाही. खोटं बोलून प्रभुभोजनाच्या मेजापाशी जायचं नाही, इतकी प्रश्नोत्तरी त्यांच्यात उरली होती.

पाळकांनी सर्वांना देवाच्या नावाने क्षमा जाहीर केली. एकेक कुटुंब वेदीपाशी जाऊन गुडघे टेकत होतं. भाकर हातात, द्राक्षारसाचा एकच प्याला सगळ्यांना. ललिताबाई गेल्या, परत आल्या. पाळक भाकरीचं ताट हातात धरून सरांच्या बाकाकडे पाहत नुसते थांबले. सरांनी समोरच्या बाकाच्या पाठीवर कुणीतरी कोरलेलं नाव वाचायला सुरुवात केली. ते बराच वेळ वाचलं, जरी दोनच अक्षरी होतं.

बाहेर पडताना हरीओम त्यांना भेटले. "सर, बाकी सगळे फसले बरं. तुमी हुशार."

"ती देवापुढची कबुली असते हो, हवालदारसाहेब."

"आमाले काय, कोनापुढंबी चालते."

सोमवारी अहवाल ठाण्यात गेला, आणि हरीओमकडून अनुपकडे, आणि अनुपकडून ग्रुपवर. 'उपस्थित सर्व इसमांनी विचार, शब्द व कृती याद्वारे अपराध केल्याचे एकमुखाने कबूल केले. पाळक नामे बादल यांनी कोणताही अधिकार न दाखवता सर्वांना परस्पर माफी दिली. मोहनसिंग सर यांनी कबुली देण्यास नकार दिला, माफी स्वीकारली नाही, तसेच भाकर व पेय घेतले नाही. सबब ते सदर प्रकारापासून अलिप्त असल्याचे दिसते.'

मंगळवारी संध्याकाळी अनुप आणि भागचंद शेठ सरांच्या ओसरीत आले. शेठच्या हातात कारंज्याचे पेढे, अनुपच्या हातात कागद.

"सर, आमालेच कसंतरी वाटून राह्यलं," अनुप म्हणाला. "तुमी त्यायच्यातले नाई हे आता पोलिसायनंच लिहून देल्लं. निवेदनातून तुमचं घर वगळलं आमी. अन् गणपतीच्या मंडळाचे अध्यक्ष यंदा तुमी. एकमतानं."

भागचंद शेठनी खिशातून पेन काढला. चष्मा आज जागेवर होता. "आणा ते ना-हरकत. आता काय हरकत हाये?" त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवून पूर्ण नावाने, दुकानाच्या शिक्क्यासह सही केली. फक्त आता त्या सहीचा काही उपयोग नव्हता. ठाण्यातून पाळकांना लेखी कळवून झालं होतं, पुढील आदेशापर्यंत वेदी उघडीच राहील.

सर कागद हातात घेऊन बसले. बावीस वर्षांत कॉलनीतलं कुणी त्यांच्या घरी पेढे घेऊन आलं नव्हतं. तेच जात होते. शेठनी प्रेमाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तो हात सरांना बरा वाटला, हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकलचा आवाज झाला. पाळक बादल. डोक्यावर हेल्मेट, काच वर केलेली, छातीशी धरलेली एक लहान लाकडी पेटी. आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन नेतात ती. सर चटकन उठून फाटकापर्यंत गेले.

"सर, रविवारी तुमचं राहिलं," पाळक हळू आवाजात म्हणाले. "म्हटलं, उठता येत नसेल तर आपणच जावं. क्षमा केली का, हे आज विचारणार नाही. ते आपण नंतर बघू."

सरांनी फाटकाची कडी काढली नाही. "आज नको. पाहुणे आहेत."

पाळकांनी ओसरीकडे पाहिलं. "थांबतो की इथेच. मला घाई नाही."

"नको, नको. त्यांना उशीर होईल."

पाळकांनी पेटी पिशवीत नीट ठेवली, पिशवी पुढ्यात घेतली, आणि हेल्मेटची काच खाली ओढली. गाडी दोनदा किक मारूनही सुरू होईना. सर तोवर परत ओसरीत येऊन बसले होते.

"कोन होतं, सर?" अनुपने विचारलं.

बाहेर तिसरी किक बसली.

"विमावाला," सर म्हणाले. "केव्हाचा मागं लागलाय." आणि शेठनी पुढे धरलेला पेढा त्यांनी उचलून अख्खा तोंडात टाकला.